सऊदची आई

कुवेत शहराच्या समुद्रकाठच्या हमरस्त्यावर, काचेच्या आणि काँक्रीटच्या उत्तुंग इमारतींना पाठीशी घेऊन, पांढऱ्या भिंतींचे व निळ्या दारांचे एक जुने दुमजली घर अजून उभे आहे. तेथील लोक त्याला ‘बैत डिक्सन’, म्हणजे डिक्सनचे घर, म्हणतात. ज्या गृहस्थाच्या आडनावाने ते ओळखले जाते त्याचा त्या घराशी तीस वर्षांचा संबंध होता; परंतु त्याच्या निधनानंतर आणखी एकतीस वर्षे त्याच घराच्या आश्रयाने वैधव्य कंठणारी, आणि ज्या सत्तेच्या छत्राखाली आपण येथे आलो ती सत्ता आवराआवर करून निघून गेल्यावरही जिने आपले बिऱ्हाड हलवले नाही, ती त्याची पत्नी व्हायोलेट ही या घराची खरी स्वामिनी होय. इंग्लंडातील लिंकनशायर परगण्यातल्या गॉटबी नावाच्या खेड्यात ३ सप्टेंबर १८९६ रोजी जन्मलेली ही स्त्री १९२९ च्या मे महिन्यात कुवेतच्या किनाऱ्यावर उतरली आणि १९९० पर्यंत तेथेच राहिली. एकसष्ट वर्षे म्हणजे कुवेतमधील पुष्कळशा कुवेतींच्या आयुष्याहूनही दीर्घ असा तो काळ होता.

बाहेरून आलेले मनुष्य एखाद्या घट्ट विणलेल्या समाजात कधी व कसे मिसळते, या प्रश्नाचा विचार करताना मला या बाईंची आठवण वारंवार होते; आणि त्याचे कारण कुवेतच्या स्वतःच्या इतिहासात आहे. ‘कुवेत’ हे नावच मुळी लहानशी गढी या अर्थाचे. अठराव्या शतकात मध्य अरबस्तानातील नज्द प्रांतातून दुष्काळाने व कलहाने बाहेर पडलेली उतूब नावाची घराणी या गढीच्या आसऱ्याने वसली. मागाहून बसरा, झुबैर, अल हसा, बहारीन आणि इराणच्या किनाऱ्यावरून व्यापारी, नाखवे, सुतार, लोहार येत गेले. गावात पाऊस नाममात्र, शेती जवळजवळ नाहीच, गोड्या पाण्याचा तुटवडा. तेव्हा जे आले ते समुद्राच्या भरवशावर आले, आणि समुद्रावर एका गलबतात एकत्र बसणाऱ्या माणसांत जी नाती निर्माण होतात त्याच नात्यांनी त्या गावाला बांधून ठेवले. उपऱ्यांचेच हे गाव. पण उपऱ्यांचे गाव एकदा बांधले गेले की त्यालाही तटबंदी लागते. नज्दकडून इखवान या कडव्या धर्मयोद्ध्यांच्या टोळ्यांचा हल्ला येणार अशी खात्री झाली तेव्हा १९२० साली साऱ्या गावाने मिळून, काही महिन्यांच्या अवधीत, समुद्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मातीची भिंत उभी केली. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जहरा येथील लाल किल्ल्यापाशी ती लढाई झाली. पुढे १९५९ साली कुवेतच्या शासकाने नागरिकत्वाचा कायदा जारी केला तेव्हा मूळचा कुवेती कोण याची जी व्याख्या झाली, ती ‘१९२० पूर्वी येथे वसलेला आणि तेव्हापासून येथेच राहिलेला’ अशी झाली. मातीची भिंत १९५७ सालीच पाडली गेली होती. दोनच वर्षांनी तिची जागा सालाने घेतली. डिक्सनबाई त्या रेषेनंतर नऊ वर्षांनी आल्या होत्या.

भिंत पाडली तरी तिच्या वेशी मात्र जतन केल्या गेल्या, आणि आजही हिरवळीच्या पट्ट्यात त्या एकाकी उभ्या आहेत. कुवेतच्या जुन्या बोलीत वेशीला ‘दरवाजा’ म्हणतात, लोणच्याला ‘अचार’ म्हणतात, पंख्याला ‘बांका’ म्हणतात. हे शब्द कोणत्या वाटेने गेले हे मराठी वाचकास सांगावयास नको. मुंबई बंदर आणि कुवेत यांच्यामधील दळणवळण इतके जुने व इतके घरोब्याचे होते की, आज ज्यास आपण परमुलूख समजतो त्या गावाचे अर्धे बिऱ्हाड एके काळी आपल्याच किनाऱ्यावर थाटलेले होते. बसऱ्याचा खजूर भरून कुवेतची ‘बूम’ जातीची मोठी तारवे शरद ऋतूत हिंदुस्थानकडे निघत. परतताना तांदूळ, कापड, मसाले, काथ्याचे दोर आणि मलबारचे सागवान घेऊन जात. त्याच सागवानातून पुन्हा कुवेतच्या वाळूवर नवी तारवे बांधली जात. उन्हाळ्यात पाणबुड्यांनी जिवावर उदार होऊन काढलेले मोती मुंबईच्या मोती बाजारात विकले जात. मोत्याचा भाव मुंबईत ठरे आणि त्यावर कुवेतच्या गल्लीतले लग्न होई किंवा मोडे.

राजकीय संबंधही तसाच होता. २३ जानेवारी १८९९ रोजी कुवेतचे शासक शेख मुबारक यांनी इंग्रजांशी गुप्त तहनामा केला. इंग्रज सरकारच्या संमतीवाचून दुसऱ्या कोणत्याही सत्तेचा वकील दरबारी ठेवून घ्यायचा नाही आणि मुलखाचा कोणताही भाग कोणास द्यायचा नाही, अशी त्यातील मुख्य कलमे. आणि त्याच्या मोबदल्यात शेखांना पंधरा हजार रुपये मिळाले, ते इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर येथील इंग्रज रेसिडेन्सीच्या खजिन्यातून. रुपयेच, पौंड नव्हेत. कारण इराणी आखाताचा सारा कारभार लंडनहून नव्हे तर हिंदुस्थान सरकारच्या दफ्तरातून चालत असे. १९०४ साली कॅप्टन नॉक्स हा पहिला पोलिटिकल एजंट कुवेतमध्ये आला आणि समुद्रकाठचे जे घर त्याच्या निवासासाठी व कचेरीसाठी मुक्रर झाले, तेच हे पांढरे घर. १९२३ पासून हिंदुस्थानच्याच टपाल तिकिटांवर ‘कुवेत’ अशी अक्षरे उठवून ती तेथे चालवली गेली. चलन तर रुपयाच. तो स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला, १९५९ मध्ये आखातासाठी निराळ्या नोटा रिझर्व्ह बँकेने छापल्या, आणि १९६१ च्या एप्रिलात दिनार आला तेव्हा तेरा रुपये पाच आणे चार पैंना एक दिनार असा हिशेब बसला. तेव्हा डिक्सनबाई इंग्लंडातून कुवेतला गेल्या असे म्हणणे भूगोलाच्या दृष्टीने बरोबर असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने त्या हिंदुस्थानमार्गे गेल्या असेच म्हटले पाहिजे.

आणि ते अक्षरशः खरे आहे. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समधील मार्सेल्स बंदरात एका इंग्रजी पेढीत ही तरुणी नोकरीस होती. तेथे हॅरल्ड डिक्सन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याशी तिची ओळख झाली, त्या अल्प ओळखीवरच विवाह ठरला, आणि १९२० साली मुंबईत तो झाला. म्हणजे ज्या वर्षी कुवेतकर आपल्या गावाभोवती भिंत रचत होते, त्याच वर्षी पुढे त्या गावात साठ वर्षे काढणारी मुलगी मुंबईत गृहिणी होत होती. वर हा बैरूत येथे १८८१ साली जन्मलेला, इंग्रज वकिलातीच्या अधिकाऱ्याचा मुलगा. लहानपणी त्याला अनझा या थोर बदाऊनी टोळीतील स्त्रीने दूध पाजले होते, आणि अरबांमध्ये दुधाचे नाते रक्ताच्या नात्याइतकेच मानले जात असल्यामुळे वाळवंटात तो पाहुणा न राहता दूधभाऊ ठरे. त्याचे लष्करी आयुष्य आपल्या ‘दख्खन हॉर्स’ या घोडदळात गेले होते. लग्नानंतर इराकमधील हिल्ला, मग बिकानेर, जेथे तो महाराजा गंगासिंह यांचा खाजगी चिटणीस होता, मग बुशहर, आणि शेवटी पोलिटिकल एजंट म्हणून कुवेत, असा या दांपत्याचा प्रवास झाला. दोन अपत्ये झाली. मुलाच्या नावांत एक नाव सऊद असे ठेवले होते, मुलीचे नाव झहरा.

त्या मुलाच्या नावाने कुवेतमध्ये आईचे नवे नामकरण झाले: उम्म सऊद, सऊदची आई. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्याकडेही आळीतल्या बाईला कोणी तिच्या नावाने हाक मारीत नसे. गणूची आई, कुशाची आई म्हणूनच तिची ओळख असे, आणि कित्येकदा तिचे जन्मनाव सुतकाच्या दिवशीच शेजाऱ्यांना कळे. नवऱ्याचे आडनाव, मुलाचे नाव, यांच्यामध्ये स्त्रीचे स्वतःचे काही उरत नाही ही तक्रार योग्यच आहे. परंतु येथे त्या प्रथेने एक वेगळेच कार्य केले. ‘पोलिटिकल एजंटची मॅडम’ या पदवीला बदली होती, मुदत होती, निवृत्ती होती; ‘सऊदची आई’ या पदवीला त्यांपैकी काहीच नव्हते. तो अधिकारी आणि ती त्याची बायको, हे नाते संपुष्टात येणारे होते. आई हे नाते संपत नाही, आणि त्या हाकेला ‘ओ’ देण्याचे त्या बाईंनी ठरवले, येथेच त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले असे मला वाटते.

ज्या घरात त्या आल्या ते कुवेतच्या जुन्या घरांच्या रीतीने बांधलेले होते: समुद्रातून काढलेला दगड व माती यांच्या जाड भिंती, आडवे वासे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेल्या खारफुटीच्या सोटांचे, त्यांच्यावर बांबूच्या कामट्या व बोरूची चटई, वर मातीचा धाबा. खोलीची रुंदी किती असावी हे घरधन्याच्या इच्छेपेक्षा त्या सोटांच्या लांबीवर अवलंबून असे, म्हणून कुवेतच्या जुन्या खोल्या लांबट व अरुंद. पिण्याचे पाणी शत्त अल अरब नदीतून तारवांनी आणले जाई, आणि गाढवांवर पखाली घालून पाणके ते दारोदार विकीत. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा मोठा कारखाना १९५३ साली आला तोवर हाच क्रम होता. सूर्यास्ताला वेशींचे दरवाजे बंद होत. सबंध शहरात जे काही घडे ते दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात सर्वांस ठाऊक असे.

१९२९ चा तो काळ त्या गावाला फार कठीण होता. जपानी कृत्रिम मोत्यांनी बाजार काबीज केला होता, त्यातच जगभर मंदी आली. ज्या मोत्यांच्या जिवावर शेकडो गलबते दर उन्हाळ्याला समुद्रात जात, त्यांना मुंबईत गिऱ्हाईक उरले नाही. पाणबुड्या हा बहुधा नाखव्याच्या कर्जात बुडालेला असे, नाखवा सावकाराच्या, आणि सावकार मुंबईच्या दलालाच्या. ही साखळी वरून तुटली म्हणजे तिचा सारा भार खालच्या कडीवर पडतो. शिवाय नज्दचा सत्ताधीश इब्न सऊद याने कुवेतशी होणारा खुष्कीचा व्यापार रोखून धरलेला होता. दारिद्र्याने गावातली माणसे परस्परांच्या अधिक जवळ आली होती, आणि अशा वेळी आलेल्या परकीय स्त्रीने समोर कोणते ताट वाढले जाते यापेक्षा ते कोणत्या भावनेने वाढले जाते हे पाहिले, हा तिचा मोठेपणा.

पुरुषाला न उघडणारे दार तिला उघडे होते, हा तिच्या परकेपणाने नव्हे तर स्त्रीत्वाने मिळालेला लाभ. तिच्यापूर्वी, १९१२ पासून, अमेरिकन मिशनच्या डॉ. एलिनॉर कॅल्व्हर्ली या स्त्री-वैद्याने कुवेतच्या जनानखान्यात औषधांची पेटी घेऊन प्रवेश केला होता. डिक्सनबाईंकडे ती पेटीही नव्हती. त्यांच्याजवळ होती ती भाषा. वाळवंटातल्या बायकांची अरबी बोली त्यांनी आत्मसात केली, आणि शेखांच्या वाड्यापासून काळ्या तंबूपर्यंत जेथे म्हणून कॉफीचा पेला पुढे झाला तेथे त्या बसल्या. याची कसोटी फार लवकर लागली. इब्न सऊदविरुद्ध बंड करून पराभूत झालेला मुतैर टोळीचा बलाढ्य सरदार फैसल अल दुवैश १९३० च्या जानेवारीत इंग्रजांना शरण आला; आणि कैदेत जाण्यापूर्वी आपल्या घरच्या स्त्रियांना त्याने डिक्सन कुटुंबाच्या हवाली केले. ज्या सत्तेच्या विमानांनी त्याच्या टोळीवर पाळत ठेवली त्याच सत्तेच्या अधिकाऱ्याकडे त्याने आपली अब्रू सोपवली, हे प्रथमदर्शनी विस्मयकारक वाटते. परंतु अब्रू अधिकाऱ्याकडे सोपवली जात नसते, ती घराकडे सोपवली जाते, आणि घर म्हटले की तेथे बाईमाणूस कोण आहे हे पाहिले जाते. त्या बायकांची व्यवस्था डिक्सनबाईंनी पाहिली. कुवेतमध्ये येऊन त्यांना तेव्हा पुरते वर्षही झाले नव्हते.

वसंतात, पाऊस बरा झाला असेल तर, सारे कुवेत वाळवंटात तंबू ठोकून राहण्यास जाई. हा कुवेतकरांचा शिरस्ता आजही आहे. बकरीच्या केसांचे विणलेले काळे तंबू, उंटिणीचे दूध, आणि विजा चमकून गेलेल्या पावसानंतर जमिनीच्या पोटात फुगणारी ‘फगा’ नावाची आळंबी. कोकणात पहिल्या पावसानंतर वारुळाजवळ अळंबी शोधण्यास पहाटे जाणाऱ्या पोरांना जो उत्साह असतो, तोच तेथे म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही असे. डिक्सन दांपत्याचाही तंबू तेथे असे. नवरा टोळ्यांच्या वंशावळी, उंटांच्या जाती, लग्नाचे व सुडाचे नियम टिपून घेई. त्या टिपणांतून १९४९ साली त्याचा ‘द अरब ऑफ द डेझर्ट’ हा मोठा ग्रंथ झाला. बायको खाली वाकून रोपे उपटी.

हे रोपे उपटणे मी किंचित विस्ताराने सांगतो, कारण त्या बाईंच्या स्वभावाची किल्ली तेथे आहे. ज्या प्रदेशाकडे बाहेरचा मनुष्य ‘येथे काही उगवत नाही’ असे म्हणून पाहतो, तेथे चार थेंबांच्या आधाराने सहा आठवड्यांत उगवून, फुलून, बी टाकून अदृश्य होणाऱ्या शेकडो वनस्पती आहेत. त्यांपैकी कोणती उंटाला दुधाळ करते, कोणती बकरीला बाधते, कोणत्या मुळाने चामडे कमावले जाते आणि कोणते पान खोकल्यावर चालते, याचे संपूर्ण शास्त्र बदाऊनी बायकांच्या मुखी होते. डिक्सनबाई ती रोपे कागदात दाबून वाळवीत, त्यांचे अरबी नाव व उपयोग विचारून लिहून ठेवीत आणि लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पतिउद्यानात पाठवीत. त्यांतील एक फिकट जांभळ्या फुलांचे, मंद सुवासाचे, मोहरीच्या कुळातले लहानसे रोप शास्त्रज्ञांना अगदी नवीन निघाले. टरिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३९ साली त्याला ‘हॉरवुडिया डिक्सोनी’ असे नाव दिले. बदाऊनी बायकांच्या लेखी ते नवीन नव्हते. त्या त्याला पूर्वीपासून ‘खुझामा’ म्हणत आल्या होत्या. १९५५ साली ‘द वाइल्ड फ्लॉवर्स ऑफ कुवेत अँड बहारेन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा डिक्सनबाईंनी त्यात शास्त्रीय नावांच्या जोडीला ती अरबी नावे दिली. शोध कोणाचा म्हणावा, असा प्रश्न येथे उद्भवतो, आणि त्याचे उत्तर त्यांनी नावांची ही जोडी मांडून प्रामाणिकपणे दिले असे मी मानतो.

१९३५ मध्ये पोलिटिकल एजन्सी नव्या इमारतीत गेली. पुढच्या वर्षी हॅरल्ड डिक्सन सरकारी नोकरीतून निवृत्त झाला. शिरस्त्याप्रमाणे त्याने इंग्लंडातल्या एखाद्या गावी गुलाब लावीत बसायचे. परंतु तो कुवेत ऑइल कंपनीचा स्थानिक मुख्य प्रतिनिधी झाला आणि जुन्या एजन्सीचे घर या कुटुंबाचे घर झाले. २३ डिसेंबर १९३४ रोजी कुवेतचे शासक शेख अहमद अल जाबिर यांनी या कंपनीस तेलाचा पट्टा दिला होता. बहरा येथे खोदलेली पहिली विहीर कोरडी निघाली होती. १९३७ साली डिक्सनला एक स्वप्न पडले: वाळवंटातील एका एकाकी बोरीच्या झाडाजवळ वादळाने खड्डा पडतो, त्यात दगडी शिळेवर एक मृत स्त्री दिसते, आणि पाहता पाहता ती सजीव होऊन उठते. उम्म मुबारक नावाच्या बदाऊनी वृद्धेने त्याचा अर्थ सांगितला की, ते झाड बुरगान येथे आहे आणि तेथे शोध करावा. २२ फेब्रुवारी १९३८ च्या सुमारास बुरगान येथेच तेल लागले. भूगर्भशास्त्रज्ञांनी ती जागा आपल्या गणितानेच निवडली होती असे म्हणता येते, आणि ते खरेही असेल. पण त्या घराला वाळवंटाशी बोलण्याची जी सवय लागली होती तिचा हा पुरावा म्हणून मला त्या हकिकतीचे मोल आहे. एका साहेबाने आपले स्वप्न एका वृद्ध बदाऊनी बाईस सांगावे आणि तिने जे सांगितले ते गंभीरपणे कंपनीस कळवावे, हे साधे नव्हे.

महायुद्धात विहिरी बुजवल्या गेल्या. ३० जून १९४६ रोजी शेख अहमद यांनी चावी फिरवली आणि तेलाचे पहिले जहाज निघाले. त्यानंतर पंधरा वर्षांत जे झाले ते कुवेतच्या आधीच्या दोनशे वर्षांत झाले नव्हते. नव्या नगररचनेत जुन्या गल्ल्या, चौक, घरे सरकारने भरमसाट मोबदला देऊन विकत घेतली आणि पाडली. घराणी भिंतीबाहेरच्या नव्या वस्त्यांत गेली. पाणके गेले, तारवांचे कारागीर गेले. एके काळी दारिद्र्याने जवळ आणलेली माणसे समृद्धीने दूर दूर राहावयास गेली. समुद्रकाठी, आपल्या जुन्या जागी, जुन्या पद्धतीच्या घरात, जुन्या काळी जशी येत तशी मंडळी भेटीस येतील या अपेक्षेने राहिलेले जे थोडके लोक होते, त्यांत ही इंग्रज बाई होती. ज्या समाजात ती बाहेरून आली त्याच्याहून त्या समाजाचे पूर्वरूप तिच्याजवळ अधिक उरले. तिची कन्या झहरा फ्रीथ हिने १९५६ साली ‘कुवेत वॉज माय होम’ हे पुस्तक लिहिले त्याच्या नावातच भूतकाळ आहे. आईने मात्र तो भूतकाळ मानला नाही.

१९५९ साली हॅरल्ड डिक्सन निवर्तला. ज्या वर्षी नागरिकत्वाची रेषा आखली गेली, ज्या वर्षी हिंदुस्थानच्या रुपयाने त्या किनाऱ्यावरून काढता पाय घेण्यास आरंभ केला, त्याच वर्षी ही बासष्ट वर्षांची बाई विधवा झाली. मुले आपापल्या संसारात होती. दोनच वर्षांनी, १९ जून १९६१ रोजी, मुबारकांचा तो तहनामा रद्द होऊन कुवेत स्वतंत्र झाले. राहण्याचे कोणतेही राजकीय, सरकारी, कौटुंबिक कारण उरले नव्हते. तरीही शासकांच्या संमतीने डिक्सनबाई त्याच घरात राहिल्या. १९७१ मध्ये ‘फॉर्टी इयर्स इन कुवेत’ हे आत्मकथन त्यांनी लिहिले. १९७६ मध्ये इंग्लंडच्या राणीने त्यांना ‘डेम’ हा किताब दिला. परंतु त्या समाजात तो किताब कोणाच्या तोंडी बसला नाही. उम्म सऊद ती उम्म सऊदच.

येथे एक गोष्ट न बोलता पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. या बाईंना जी मुभा मिळाली ती प्रत्येक परदेशी स्त्रीला मिळत नाही. त्यांच्यामागे साम्राज्याची पुण्याई होती, तेलाच्या कंपनीची होती, शासक घराण्याच्या स्नेहाची होती. त्याच कुवेतमध्ये, त्याच दशकांत, आपल्याकडील रत्नागिरी, रायगड, मुंबई, गोवा येथून गेलेल्या आणि केरळातून त्यांहूनही मोठ्या संख्येने गेलेल्या स्त्रिया होत्या: इस्पितळांतल्या परिचारिका, शाळांतल्या शिक्षिका, दुसऱ्यांची मुले वाढवणाऱ्या आया. त्यांच्या वास्तव्याला ‘अकामा’ नावाचा परवाना लागतो, तो मुदतीने नवा करावा लागतो, आणि नोकरी संपली की परवानाही संपतो. त्यांच्यातील कित्येकींनी तीस-तीस, पस्तीस-पस्तीस वर्षे तेथे काढली. ज्या मुलांना न्हाऊ-माखू घातले ती मुले आज त्या देशाची कारभारी आहेत. त्यांच्या नावाचे घर समुद्रकाठी राखून ठेवलेले नाही. हा दोष डिक्सनबाईंचा नव्हे, आणि त्यांच्या आयुष्याचे मोल त्यामुळे कमीही होत नाही. परंतु परक्या समाजाने बाहेरच्या बाईला आपली म्हटल्याचा हा दाखला सांगताना, ज्या म्हटल्या गेल्या नाहीत त्यांची आठवण न ठेवणे मला जमत नाही.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. सुमारे एक लाख सत्तर हजार हिंदी माणसे तेथे अडकली. बसने, ट्रकने, वाळवंटातून बगदादमार्गे जॉर्डनमधील अम्मानपर्यंत पोचून, तेथून एअर इंडियाच्या विमानांनी ती मायदेशी आणली गेली. एकोणसाठ दिवसांत चारशे अठ्ठ्याऐंशी उड्डाणे झाली, आणि मुंबईच्या सहार विमानतळावर हातात एक पिशवी घेतलेली कुटुंबे उतरत राहिली. तीस वर्षांचा संसार त्या एका पिशवीत आला होता. डिक्सनबाई तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांच्या होत आल्या होत्या आणि रुग्णावस्थेत होत्या. त्यांनाही इंग्लंडला हलवण्यात आले. आयुष्यात या बाईंनी स्वतः होऊन कुवेत सोडले नाही, आणि शेवटी सोडले तेही परचक्रामुळे, गावकऱ्यांबरोबर.

त्यांच्या पश्चात ते पांढरे घर लुटले गेले. पुस्तके, चीजवस्तू, साठ वर्षांच्या साठवणीतले जे हाती लागले ते गेले. इराकी ताब्यातून मुक्तता झाल्यावर कुवेतच्या संस्कृती मंडळाने त्याची डागडुजी करून ते सांस्कृतिक केंद्र म्हणून खुले केले, आणि आता तेथे जुन्या खोल्या पूर्ववत मांडून ठेवल्या आहेत.

४ जानेवारी १९९१ रोजी व्हायोलेट डिक्सन यांचे इंग्लंडात देहावसान झाले. हवाई युद्ध सुरू होण्यास अजून तेरा दिवस होते, कुवेत मुक्त होण्यास जवळजवळ आठ आठवडे. आपल्या माहेरच्या देशात त्या गेल्या. आणि ज्या आयाबायांनी ‘सऊदची आई गेली’ म्हणून त्यांच्या दारी येऊन बसावयाचे, त्यांतल्या पुष्कळ जणी त्या दिवशी स्वतःच घरदार सोडून परमुलखात आसऱ्याला गेलेल्या होत्या.